गुलमर्गच्या बर्फावर दोन वाटा आखून द्या : केंद्रीय पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय पर्यटनमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी इंदूरला रामबागेत राहते. एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. माळव्यातल्या बाईनं बर्फातल्या स्कीवाल्यांच्या आणि स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर पट्ट्यानं धावणाऱ्या मोटारगाडीच्या, वाटांविषयी पत्र लिहावं याचं आपल्याला नवल वाटेल, म्हणून आधी थोडं सांगते. गेली अकरा वर्षं, मधला करोनाचा काळ सोडला तर, आम्ही तीन-चार शिक्षक मिळून इथली मुलं हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंग शिकायला नेतो. गणपतीत मंडळाच्या मांडवातच नावं नोंदली जातात. दसऱ्यानंतर दर रविवारी रालामंडलची टेकडी चढायची, मांड्यांना सवय लावायची आणि परतताना पोहे-जिलबी खायची. यातल्या बहुतेक मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो फ्रिजमधला, नाहीतर गोळेवाल्याच्या रंध्याखालचा. गुलमर्गला गाडीतून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं एकही मूल बोलत नाही. त्या पाच मिनिटांसाठी मी वर्षभर खटपट करते.

हे पत्र लिहायला निमित्त झालं ते होता होता राहिलेल्या एका अपघाताचं.

फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्यातली तेरा वर्षांची एक मुलगी, शिकण्याचा तिसरा दिवस. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून हळूहळू उतरायला ती नुकती शिकली होती. उताराच्या मध्यावर एक उंचवटा आहे, त्याच्या खालच्या अंगाला ती पडली. एका पायातली स्की सुटली, दुसऱ्या पायातली सुटेना, पाय मुरगळलेला. मी वीस-पंचवीस पावलं खाली होते. वरून स्नोमोबाइल येते आहे हे मला आवाजानं कळलं, पण दिसेना. चालकाला तर दोन्ही नाही. उंचवट्यावर आल्यावरच त्याला खाली मूल दिसलं. त्यानं गाडी आडवी फेकली. बर्फाचा फवारा पोरीच्या अंगावर उडाला, आणि गाडीची पुढची पट्टी तिच्या हेल्मेटपासून हातभर अंतरावर थांबली.

मी धापा टाकत पोचले तोवर तो खाली उतरला होता. विशी-बाविशीचा मुलगा. दातानं हातमोजा ओढून काढला, तिच्या बुटामागचा खटका दाबून स्की सोडवली आणि तिचा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ ठेवला. त्याचे हात थरथरत होते. मी भरपूर बोलले त्याला. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "ऊपर से नीचे कुछ दिखता नहीं, मैडम."

रात्री झोप लागेना तेव्हा ते वाक्य आठवलं आणि लक्षात आलं की पोरगा खरं बोलत होता. मी आयुष्यभर गती आणि घर्षण शिकवलं, तरी हे मला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं. पाठीमागे पर्यटक बसला की ती गाडी सहज साडेतीनशे-चारशे किलोच्या घरात जाते. उतारावर ती थांबवणं अवघड असतं आणि चढावर मऊ बर्फात थांबवली तर पट्टा खणत खणत रुतून बसतो, म्हणून चढताना चालक वेग मोडायला तयार नसतो. समोर शिकाऊ स्कीवाला, त्यालाही थांबता येत नाही. ताजा बर्फ सच्छिद्र असतो, तो आवाज गिळतो. हेल्मेटमध्ये आणि इंजिनाच्या घरघरीत चालकाला तर कोणाची हाक ऐकू येणं शक्यच नाही. दोघंही सज्जन असले, दोघांनीही काळजी घेतली, तरी त्या उंचवट्यावर त्यांची गाठ पडणारच. तिथं चूक वाटेची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच उतारावर मुलांना नेलं. दुपारच्या उन्हानं बर्फ भुसभुशीत होतो, त्यावरून गाड्यांचे दातेरी पट्टे फिरतात आणि रात्रीच्या गारठ्यात ते सगळं जसंच्या तसं गोठतं. सकाळी स्की त्यावर ठेवली की पन्हाळी पत्र्यावरून चालल्यासारखं होतं. पायाच्या अंगठ्यापासून दातांपर्यंत हादरे बसतात. सराईत माणूस ते निभावून नेतो. शिकणाऱ्याच्या स्कीची कड त्या सरीत अडकते आणि तो तोंडावर आपटतो. आमच्या गटात त्या सकाळी चार मुलं पडली.

सगळा दोष गाडीवर टाकणंही बरोबर नाही. आमच्यातली काही मोठी माणसं स्की न करता स्नोशू घालून चालतात, म्हणजे पाय बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद पायताणं. त्यांना गाडीनं दाबून घट्ट केलेल्या पट्ट्यावरून चालायला सोपं जातं, म्हणून ती नेमकी गाडीच्या वाटेवर जातात. आणि ज्यांच्याकडे स्नोशू नाहीत, ते साध्या बुटांनी स्कीच्या तयार वाटेवरून चालतात आणि गुडघ्याएवढे खड्डे पाडून ठेवतात. रात्री तेही गोठतात. आम्हीही हे केलेलं आहे.

या गाडीबद्दल मला राग नाही, हे मनापासून सांगते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए नावाचा एक मेकॅनिक होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला आणि बर्फानं वाट बंद असल्यामुळे त्याला इस्पितळात नेता आलं नाही. मूल गेलं. बर्फावर चालणारी गाडी बनवायच्या मागे तो आधीपासून होता, त्यानंतर त्यानं ते तडीस नेलं. १९५९ साली त्यानं बाजारात आणलेल्या छोट्या स्की-डू गाडीपासून आजच्या या सगळ्या गाड्यांचं घराणं सुरू होतं. गुलमर्गच्या वर अफरवट डोंगराच्या अंगाला हिमस्खलनं होतात. २०२३ च्या फेब्रुवारीत पोलंडचे दोन स्कीवाले गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन गेला. बर्फात जखमी झालेल्याला चटकन गाठायचं तर हीच गाडी उपयोगी पडते. तेव्हा ती हवीच.

चालकांचं पोटही हिवाळ्याच्या त्या दोन-तीन महिन्यांवर असतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला जे घडलं, त्यात आमच्या इंदूरचाही एक माणूस गेला. त्यानंतर आमच्याकडच्या बऱ्याच पालकांनी मुलं पाठवायला नकार दिला, त्यांना मी दोष देणार नाही. पण तिकडे घोडेवाला, स्लेजवाला, स्नोमोबाइलवाला यांची चूल त्या वर्षी कशी पेटली असेल हा विचार आमच्या घरात रोज होत असे. गाड्या बंद करा असं मी लिहीत नाही, कधी लिहिणारही नाही.

हे आत्ताच लिहायला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे बर्फच कमी झाला आहे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग उघडंबोडकं पडलं होतं, तपकिरी गवताचे फोटो देशभर फिरले. २०२५ साली खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता, बर्फ नाही म्हणून तो मार्चवर गेला. बर्फ भरपूर होता तेव्हा पांगायला जागा होती. आता चार चांगले पट्टे उरतात आणि शिकणारी मुलं, चालणारी माणसं, स्लेज, स्नोमोबाइल सगळी त्याच चार पट्ट्यांवर येतात. आणि थर पातळ असला की गाडीचा पट्टा खालच्या गवताच्या मुळांपर्यंत पोचतो. उन्हाळ्यात ज्या फुलांवरून त्या जागेला गुलमर्ग म्हणतात, ती याच जमिनीतून यायची आहेत.

बाहेरच्या देशांनी हे भांडण खूप वर्षं भोगलं आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ सालीच आदेश काढला होता की सरकारी जमिनीवर अशा गाड्यांच्या वाटा आखताना इतरांशी होणारा संघर्ष कमीत कमी राहील असं बघा. तरी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात इतक्या स्नोमोबाइल येऊ लागल्या की पश्चिमेच्या प्रवेशद्वारावरच्या चौकीत कर्मचाऱ्यांसाठी ताजी हवा पंपानं आत सोडावी लागली. बरीच वर्षं कोर्टकज्जे चालले. शेवटी २०१३ च्या नियमांनी तोड निघाली : दिवसाला किती गट आत जाणार याला मर्यादा, एका गटात जास्तीत जास्त दहा गाड्या, सोबत जाणकार वाटाड्या, आणि आवाज व धूर ठरलेल्या मापात बसणाऱ्याच गाड्या. २०१५ साली अमेरिकेच्या वनखात्यानं सरळ नियम केला की नकाशावर जिथं परवानगी दाखवली असेल तिथंच बर्फावर गाडी चालेल. कोलोरॅडोत व्हेल पास म्हणून खिंड आहे. तिथं काही भाग फक्त पायी आणि स्कीवाल्यांचा, काही गाड्यांचा आणि काही दोघांचा मिळून. येणाऱ्याकडून थोडं शुल्क घेतात, त्यातून देखभाल होते.

तिथलं उचलून इथं आणा असं मी म्हणत नाही. गुलमर्गचा उतार वेगळा, माणसं वेगळी. आणि वरून रेघ ओढली की काय होतं हे मला माझ्या गावात बघायला मिळालं आहे. इंदुरात २०१३ साली बीआरटीएस सुरू झाली. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, साडेअकरा किलोमीटर, मधोमध बससाठी राखीव रस्ता. मी स्वतः त्या बसनं शाळेत जात असे आणि मला ती आवडायची. पण बाजूच्या अरुंद रस्त्यात बाकीची वाहनं कोंबली गेली, त्यांचं म्हणणं कुणी नीट ऐकलं नाही, कुरबूर वाढत गेली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२५ साली तो मार्ग काढून टाकण्याचा आदेश झाला. ज्यांना ती रेघ रोज अडवत होती, त्यांना आखणीच्या वेळी विचारलं असतं तर ती टिकली असती, असं मला अजून वाटतं.

म्हणून माझी पहिली विनंती बैठकीची आहे. हंगाम सुरू होण्याआधी, नोव्हेंबरात, स्नोमोबाइल चालक, स्की शिकवणारे, स्लेजवाले, बचाव पथकाची माणसं आणि वनखात्याचे लोक यांना नकाशा समोर ठेवून एकत्र बसवा. उताराची सुरुवात, उंचवट्याखालचा अंधळा भाग, ओढे, दाट झाडी, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. शिकणाऱ्यांसाठी एक उतार पूर्णपणे मोकळा ठेवावा. चालणाऱ्यांसाठी झाडीच्या कडेनं एक वाट असावी आणि ती दाबून पक्की करून द्यावी, म्हणजे ते गाडीच्या वाटेकडे ओढले जाणार नाहीत. गाड्यांना त्यांची वाट मिळावी, आणि चांगली मिळावी, उरलीसुरली नको. जिथं दोन वाटा एकमेकींना छेदणारच असतील, तिथं दोन्हीकडून लांबून दिसेल अशी सपाट जागा निवडून रंगीत काठ्या पुराव्यात आणि तिथं थांबायचं ते गाडीनं.

आपण म्हणाल, तिथल्या उतारांचा कारभार जम्मू-काश्मीरच्या पर्यटन खात्याकडे आहे. ते मला माहीत आहे. पण गुलमर्गची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आपल्या मंत्रालयाची आहे. तिनं पुढाकार घेऊन बैठक बोलावली तर कोणी नाही म्हणणार नाही. त्याच संस्थेत चालकांसाठी आठवड्याभराचा वर्ग घेता येईल. हिमस्खलनाची ओळख, प्रथमोपचार, जखमीला गाडीवरून कसं आणायचं, असं सगळं. शेवटी प्रमाणपत्र द्या आणि ज्या दिवसांत थर पातळ असल्यामुळे गाड्या उभ्या ठेवाव्या लागतील, त्या दिवसांत याच मुलांना बचाव पथकात आणि वाटा दाबायच्या कामावर रोजानं घ्या. बर्फ नाही म्हणून गाडी थांबवा आणि घरी बसा, असं त्यांना सांगायचा हक्क आपल्याला नाही.

धुराविषयी एवढंच की जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या गाड्यांच्या जागी चार-स्ट्रोक किंवा विजेवरच्या गाड्या घ्यायला कमी व्याजाचं कर्ज मिळालं तर चालक स्वतःहून बदलतील. दिवसभर तो धूर आधी त्यांच्याच नाकात जातो.

मुलगी बरी आहे. पंधरा दिवस पायाला पट्टी होती. पुढच्या हिवाळ्याची यादी मांडवात लागली तेव्हा तिनं पहिलं नाव स्वतःचं लिहिलं.

तो चालक आम्हाला परतायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा भेटला. पोरीची चौकशी करायला हॉटेलवर आला होता. नून चहा, म्हणजे तिकडचा खारा चहा, घेत बसला. मी वहीत उताराचं कच्चं चित्र काढलं आणि विचारलं, तुला हवी तिथं तुझी वाट काढ. त्यानं बराच वेळ पेन्सिल हातात धरून ठेवली, मग उंचवट्याला लांबून वळसा घालून झाडांच्या वरच्या अंगानं एक रेघ काढली. ती आत्ताच्या वाटेपेक्षा लांब आहे. पेट्रोल जास्त जाईल, मी म्हणाले. जाऊ द्या, म्हणाला.

त्या पानाची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. निळ्या पेन्सिलीची रेघ त्याची, लाल माझी.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर