टीडीएस मीटरला शिसे दिसत नाही

मा. संपादक,
स. न.

पाण्यात शिसे आहे की नाही, याचा निकाल गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये सर्रास टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देणारे यंत्र) बुडवून लावला जातो. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि ठरावीक गुणकाने तिचे मिलिग्रॅम करून दाखवतो, एवढेच. आयएस 10500 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम आहे. मीटरवरचा सर्वांत लहान टप्पाच 1 मिलिग्रॅमचा! मर्यादेच्या पन्नासपट शिसे असले तरी आकडा हलेलच असे नाही.

म्हणून आता ‘हेवी मेटल सेन्सर’ घ्यावा, अशी टूम निघाली आहे. घ्यावा, पण काय घेतो ते कळायला हवे. शिशाचा आयन-निवडक इलेक्ट्रोड (ठरावीक आयनालाच प्रतिसाद देणाऱ्या पडद्याचा सेन्सर) साधारण लिटरमागे 200 मायक्रोग्रॅमच्या खाली भरवशाचा राहत नाही, शिवाय पारा, चांदी आणि तांब्याच्या आयनांनी त्याचा पडदा खराब होतो. कारखान्याच्या सांडपाण्याला तो चालेल. नळाच्या पाण्याला नाही.

नळाच्या पाण्यासाठी योग्य ती स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री, म्हणजे धातू आधी इलेक्ट्रोडवर साचवून मग विरघळवताना वाहणारा विद्युतप्रवाह मोजण्याची पद्धत. छापील कार्बन पट्टीवर बिस्मथचा थर बसवून (पूर्वी यासाठी पारा वापरत) 5 मिली नमुन्यात 5 मिली ॲसिटेट बफर (आम्लता स्थिर राखणारे द्रावण) घालायचे, पीएच 4.5. मग उणे 1.2 व्होल्टवर 120 सेकंद ढवळत ठेवायचे. पाण्यातले शिसे थरात साचते. ढवळणे थांबवून दहा-पंधरा सेकंदांनी व्होल्टेज वर नेले की कॅडमियम उणे 0.8 च्या आसपास आणि शिसे उणे 0.55 च्या आसपास विरघळून प्रवाहाच्या आलेखावर आपापले शिखर देते. पट्टीवरच्या संदर्भ-इलेक्ट्रोडप्रमाणे या जागा थोड्या सरकतात, तेव्हा केवळ जागेवरून धातू ओळखू नये.

चुका होतात त्या बहुतेक यंत्राबाहेर. नमुना काचेच्या बाटलीत घेतला तर काही शिसे काचेलाच चिकटते. 10 टक्के नायट्रिक ॲसिडने धुतलेली पॉलिथिनची बाटली हवी, नमुन्याचा पीएच 2 च्या खाली आणायला हवा आणि आम्ल घातल्यावर किमान 16 तास थांबायला हवे, म्हणजे कणांना धरून बसलेले शिसेही मोकळे होते. असा नमुना तसाच बफरमध्ये ओतला की बफर हरते, इलेक्ट्रोडवर हायड्रोजनचे बुडबुडे धरतात आणि थर बिघडतो. आधी सोडियम हायड्रॉक्साइडने आम्लता उतरवावी. पितळी नळातून येणारे तांबे शिशाचे शिखर दाबते. ते फेरोसायनाइडने बांधता येते. सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर तेही पृष्ठभागावर बसून शिखर बुटके करते. यंत्र मात्र निर्धास्तपणे ‘सुरक्षित’ म्हणते.

यावर उपाय म्हणजे प्रमाणित द्रावणाची भर. याच 10 मिली मिश्रणात लिटरला 10 मिलिग्रॅम शिशाचे द्रावण 10 मायक्रोलिटर घातले की शिसे लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमने वाढते. समजा, शिखर 0.8 मायक्रोॲम्पिअरवरून 2.0 वर गेले, तर मिश्रणात शिसे होते 6.7 मायक्रोग्रॅम. पण नमुना बफरने निम्मा पातळ केलेला आहे, म्हणजे मूळ पाण्यात 13.3. ही दुप्पट विसरली की मर्यादेबाहेरचे पाणी ‘पास’ होते.

पाणी केव्हा घेतले हेही महत्त्वाचे. रात्रभर साचलेले पहाटेचे पहिले लिटर पितळी नळांतले, जोडकामातले शिसे दाखवते. पाच मिनिटे नळ सोडून भरलेली बाटली ते लपवते. दोन्ही नमुने घ्यावेत. पीव्हीसी पाइपांतल्या शिशावर 2021 मध्ये केंद्राने नियम केले, पण त्याआधी भिंतीत गेलेले पाइप तिथेच आहेत.

सोसायट्यांनी आणि ग्रामपंचायतींनी असे यंत्र विकत घेताना खरेदीच्या अटींत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: विक्रेत्याने आपल्याच पाण्यात भर घालून वाचन दाखवावे, शुद्ध पाण्याचे कोरे (शिसे नसतानाचे) वाचन सोबत द्यावे, आणि दर दहा नमुन्यांतला एक एनएबीएल-मान्य (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या) प्रयोगशाळेत आयसीपी-एमएस या धातूंचे अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर तपासून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. पट्ट्या एकदाच वापरायच्या असतात, त्यांचा खर्चही त्याच कागदावर यावा.

— पाणी-तपासणीच्या क्षेत्रातील काही वाचक, पुणे