‘दप्तरी दाखल’च्या पुढे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तेलंगणा उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींवर अर्जात बेछूट आरोप करणाऱ्या वकिलांना 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच न्यायमूर्तींपुढे माफी मागायला लावली. खंडपीठ तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या अमरावतीच्या गवईसाहेबांचं, आणि आधार काढला तोही नागपूरचा, 1954 सालचा शरीफ खटला. पक्षकार म्हणतो म्हणून वकिलाने सही ठोकायची नाही. आरोपात काही तथ्य आहे का ते आधी बघायचं, नाहीतर अवमानाचा धनी तोही, हे तेव्हाच ठरलंय. पण ही झाली वरच्या कोर्टातली गोष्ट. खाली काय चालतं ते मी बत्तीस वर्षं पाहिलं. शिरस्तेदार, म्हणजे कोर्टातला वरिष्ठ कारकून, म्हणून निवृत्त झालो.

एका वकिलांचा तहकुबीचा पाचवा अर्ज आला, तेव्हा आमच्या न्यायाधीश साहेबांनी त्यांच्यावर पाचशे रुपये खर्च बसवला. पंधरा दिवसांत त्या वकिलांकडून साहेबांविरुद्ध तक्रार गेली, तीही शपथपत्रासह: अमुक तारखेला संध्याकाळी समोरचा पक्षकार साहेबांच्या चेंबरमध्ये अर्धा तास बसला होता. जिल्हा न्यायालयाने साहेबांकडून खुलासा मागवला. रोजनामे, म्हणजे प्रकरणांच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदी, मीच काढून दिले. त्या तारखेच्या प्रत्येक प्रकरणात एकच ओळ: ‘पीठासीन अधिकारी प्रशिक्षणासाठी उत्तन येथे.’ म्हणजे साहेब भाईंदरजवळच्या न्यायिक अकादमीत, चेंबरला कुलूप आणि किल्ली शिपायाच्या कमरेला.

इतकं उघड असूनही तक्रार दप्तरी दाखल, म्हणजे बंद, व्हायला अकरा महिने गेले. तेवढ्यात साहेब पार बदलले. ते वकील नुसते उभे राहिले तरी तारीख मिळायची. एका म्हातारीचा वाटपाचा दावा त्यांच्यामुळे अडकला होता. शिपाई तिला पुढची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि ती चिठ्ठी ती पदराच्या गाठीत बांधून एसटी गाठायची. वकिलांना मात्र कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

विचारणार तरी कोण? न्यायाधीशांची बदली होणारच असते, ते कशाला नव्या भानगडीत पडतील? आम्हा कारकुनांची काय टाप! अवमानाच्या प्रकरणातसुद्धा न्यायालय वकिलीची सनद काढून घेऊ शकत नाही, ते काम वकिलांच्या नोंदणीचं आणि शिस्तीचं बघणाऱ्या बार कौन्सिलचं, असं सर्वोच्च न्यायालयानेच 1998 मध्ये सांगितलं. आणि 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम 35 ‘तक्रार आल्यावर किंवा अन्यथा’ असं म्हणतं. म्हणजे कुणी तक्रारदार पुढे आला नाही, तरी आपली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल स्वतःहून प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवू शकते. (कौन्सिलचे सदस्य वकिलांच्याच मतांवर निवडून येतात, ही गोम मला कळते.)

तक्रार ठरवून खोटी केल्याचं चौकशीत दिसलं, तर त्या आदेशाची प्रत उच्च न्यायालयाकडून थेट बार कौन्सिलला जावी, कुणी मागण्याची वाट न बघता. मात्र नुसती ‘सिद्ध झाली नाही’ अशी तक्रार त्यात धरू नये. कारण खरी तक्रारसुद्धा मी एकदा पाहिली आहे. ती करणारा वकील तरुण होता, आणि पुढे कित्येक दिवस बाररूममध्ये त्याच्या शेजारी कुणी चहाला बसत नव्हतं.

— एक निवृत्त शिरस्तेदार, नागपूर