कर्ज फिटलं, पण विमा सोडू नका

कुडाळ, शनिवार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

दुकानाचं कर्ज फिटल्याच्या दाखल्याचा फोटो आईने पाठवला. खूप बरं वाटलं. आई, दाखला देव्हाऱ्यात ठेवलायस म्हणे. नमस्कार करून झाला की फाइलला लाव, तो लवकरच लागणार आहे. बाबा, परवा फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "चला, आता विम्याचीही कटकट गेली." मी तोंड उघडायच्या आत तुम्ही पावसापाण्यावर गेलात. म्हणून लिहिते आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

विमा तुम्हाला कायम बँकेचा वाटला, त्यात तुमची चूक नाही. घ्यायला बँकेने लावला, हप्ता खात्यातून परस्पर कापला जायचा, कागद त्यांच्याच फाइलीत. माझ्या टेबलासमोर बसणारे दुकानदारही असंच बोलतात. कर्ज संपलं की पॉलिसी पुढे चालू ठेवायला फारसं कुणी येत नाही. आणि कर्ज असतानाही विमा बहुतेकदा कर्जाच्या आकड्याएवढाच उतरवलेला असतो, मालाच्या किमतीएवढा नव्हे. तेवढ्यात बँकेचं भागतं. दुकानदाराचं भागतं की नाही हे पाणी आल्यावर कळतं.

२२ जुलै २०२१ च्या आधी आपलं चिपळूणचं कापडाचं दुकान कसं भरलं होतं आठवतंय ना? कोविडच्या बंदीत धंदा बसलेला, गणपती १० सप्टेंबरला, चाकरमानी येतील म्हणून तुम्ही जरा लवकरच माल भरलात. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. सगळे तागे त्या खुणेच्या वर लावलेत, वर आणखी एक फळी सोडलीत. शहाणपणाचंच होतं ते. पण वाशिष्ठी नदीने ती खूणही बुडवली. पाणी उतरल्यावर शटर अर्धंच वर गेलं, आत गाळ साचलेला. साड्यांच्या घड्या चिखलात एकमेकींना चिकटल्या होत्या, सोडवायला गेलं की एकीचा रंग दुसरीला. आईने उधारीची वही दोरीवर वाळत घातली होती. निळी शाई पार धुऊन गेली, बॉलपेनचं तेवढं राहिलं. तुम्ही त्यातूनही थोडी वसुली केलीत, कारण बाजारातल्या लोकांनी आपापलं देणं स्वतः येऊन सांगितलं. हे मी इथे सगळ्यांना सांगते.

मग नुकसान मोजायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला आणि विचारलं, माल किती होता? वह्या तर गेल्या. वाचवलं दोनच गोष्टींनी. जीएसटीच्या पोर्टलवर ठोक व्यापाऱ्यांनी भरलेली तुमच्या नावची बिलं होती. आणि दर महिन्याला बँकेला द्यायचं ते स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे दुकानातल्या मालाची यादी, ज्याला तुम्ही "बँकेची हजेरी" म्हणून नाकं मुरडायचात, ते शाखेच्या कॉम्प्युटरमध्ये शिल्लक होतं.

तरी पैसे कमी आले, आणि सर्व्हेअरने खाल्ले असं तुम्ही अजून म्हणता. त्याची बाजू घ्यायची मला हौस नाही, पण हिशेब बघा. समजा दुकानात माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा. नुकसान ८ लाखांचं. कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्याच मालाचा विमा काढलात, उरलेल्या निम्म्याची जोखीम तुमचीच. म्हणून घ्या ४ लाख. ८ लाख १० लाखांच्या आत बसतात ना, हा आपला प्रश्न, पण नियम तसा चालत नाही. शिवाय पॉलिसीवर बँकेचं नाव असल्यामुळे आलेला पैसा आधी सीसी खात्यात, म्हणजे मालावर उचललेल्या कॅश क्रेडिट कर्जाच्या खात्यात गेला. तुमच्या हातात तो दिसलाच नाही.

बँकेवरचा तुमचा राग मात्र मला थोडा जास्त वाटतो. सावकार कोरडा आणि कुळ भिजलेलं, असं तुम्ही म्हणता. चिपळूणच्या बाजारात तेव्हा असं नव्हतं. बँकांच्या शाखाही त्याच पाण्यात होत्या. पतसंस्थांचं तर दोन्हीकडून मरण. रोजची पिग्मी ठेव भरणारा आणि कर्ज घेणारा बहुधा एकच माणूस. पूर आला की तो हप्ता थांबवतो आणि दुकान उभं करायला ठेवही काढायला येतो. त्याला नाही म्हणावं तर उद्या बाजारात बोभाटा, हो म्हणावं तर तिजोरी रिकामी. रोज गल्ल्यावर येणारा तो एजंट आठवा, त्याचं पोट कमिशनवर. त्याच्यासाठी सरकारच्या मदतीच्या यादीत रकाना नव्हता. दुकानदाराला निदान पंचनाम्यावर नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीवाल्याला १० हजार तरी जाहीर झाले होते.

तुमच्या बँकेने सीसीतली अडकलेली रक्कम मुदत कर्जात वळवली, सुरुवातीचे हप्ते पुढे ढकलले. हे उपकार नव्हते आणि डावही नव्हता. नैसर्गिक आपत्तीत असं करायची मुभा रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच आहे, आणि नियमित असलेलं खातं वेळेत असं बसवून घेतलं तर ते थकीत ठरत नाही. हप्ता थांबला तरी व्याज चालू होतं, हे मात्र तुम्हाला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. ते कुणी सांगितलं नाही, याचा मला अजूनही राग आहे. आईच्या पाटल्या गहाण गेल्या त्या याच घोटाळ्यात.

आणि मुंबईचे तुमचे ठोक व्यापारी! "मागचं राहू दे, गणपतीचा माल घेऊन जा" म्हणाले, हे तुम्ही डोळ्यांत पाणी आणून सांगता. माणूस चांगलाच, वादच नाही. पण पुढच्या दोन सिझनची त्यांची बिलं मी पाहिली आहेत. व्याज त्यांनीही घेतलं बाबा, फक्त भावात घेतलं. बँकेने कागदावर लिहून घेतलं एवढाच फरक.

तर आता करायचं असं. तो दाखला विमा कंपनीला देऊन पॉलिसीवरचं बँकेचं नाव काढून घ्या, म्हणजे उद्या पैसा आला तर तुमच्याच खात्यात येईल. पुढची पॉलिसी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" या नावाची मागा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ती मिळते. एका जागी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता तिच्यात बसते आणि पूर त्यात धरलेला असतो. रक्कम थोडी कमी धरली गेली तर १५ टक्क्यांपर्यंतची तफावत ते सोडून देतात, त्याहून मोठी नाही. म्हणून रक्कम मे महिन्याच्या रिकाम्या फळ्या बघून ठरवू नका, गणपतीआधीच्या भरलेल्या दुकानाची धरा. काउंटर, कपाटं, पंखे, इन्व्हर्टर वेगळे लिहायला लावा.

स्टॉक स्टेटमेंट बँक आता मागणार नाही, तरी दर महिनाअखेरीला करा आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. दुकानातल्या मुलाला फळ्यांचे फोटो काढायला सांगा, तो एरवीही मोबाइलवरच असतो.

कर्ज पुन्हा काढा असं मी म्हणणार नाही, तुम्ही ऐकणारही नाही. एक लहानशी सीसी मर्यादा मात्र जिवंत ठेवावी असं मला वाटतं. पुरानंतर ज्यांचं खातं चालू होतं त्यांना बँकेत निदान बसायला खुर्ची मिळाली; बाकीचे सोनं घेऊन फिरत होते. यावर समोरासमोर भांडू.

प्रीमियमचे पैसे मी भरते, म्हणजे तोही वाद नको. आई, जुन्या पॉलिसीची मुदत कधी संपते ते पहिल्या पानावर लिहिलेलं असेल, वाचून कळव. खंड पडला तर ते आधी दुकान बघायला माणूस पाठवतील आणि तोवर जून उजाडेल.

तुमची,
ताई