बांधावर पाणी, मीठ आणि आडोसा हवा

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या शेतात खुरपणीला आलेल्या एका मावशींच्या पोलक्यावर पाठभर मिठाचे पांढरे डाग उमटले होते. तांब्याभर पाणी पिऊनही पायांत गोळे येतात, असे त्या सांगत होत्या.

शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखण्याचे काम मेंदूतील हायपोथॅलॅमस करतो. अंग तापू लागताच तो त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतो आणि घामाच्या ग्रंथींना कामाला लावतो. लिटरभर घाम त्वचेवरच वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओघळून गेलेला घाम मात्र अंग थंड करत नाही, म्हणूनच पावसाच्या तोंडावर खानापूरकडच्या दमट हवेत, पारा अथणीपेक्षा कमी असूनही, जीव घुसमटतो. पाणी कमी पडले की व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकामुळे मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात आणि लघवी थोडी व गडद होते. शेतात आडोसा नाही म्हणून बायका मुद्दाम पाणी टाळतात, हे मला फार सलते.

घामाबरोबर मीठही जात असल्याने, भरपूर घाम गाळणाऱ्याला नुसते पाणी पुरत नाही. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, नाहीतर मीठ घातलेले ताक, मालकानेच बांधावर ठेवावे. आम्ही आता दुपारी १२ ते ३ काम बंद ठेवतो आणि पोत्यांचा आडोसाही उभारला आहे. तालुक्यातील इतर शेतकरी बांधवांनीही तसे करावे, ही कळकळीची विनंती.

– एक शेतकरी, अथणी (जि. बेळगाव)