बाटलीवर गावाचं नाव हवं

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाशिकच्या वाईन पर्यटनावर लेख आला होता. राहायची ठिकाणं, जेवणं, धरणावरचा सूर्यास्त, सगळं त्यात होतं. द्राक्ष पिकवणारा माणूस मात्र कुठं दिसला नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. साडेतीन एकर बाग आहे. फेब्रुवारीत आमच्याकडचा माणूस सहसा घर सोडत नाही, पण यंदा छाटणी आगाप होती आणि माल जानेवारीतच उतरला होता. लेक आणि जावई पुण्याला असतात. त्यांनी आग्रह धरला आणि मला व मंडळींना चार दिवस नाशिकला नेलं. जावई दारू पीत नाहीत, त्यामुळे गाडी चारही दिवस त्यांच्याच हातात होती. हे मुद्दाम सांगतो, कारण तिकडचे रस्ते अरुंद आहेत आणि संध्याकाळी त्याच रस्त्यांनी मजूर बाया घरी परततात.

पहिला मुक्काम पडला नारायणगावला, जेवणापुरता. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी इथंच वाईनची द्राक्षं लावून बुडबुड्यांची वाईन काढली आणि ती परदेशी पाठवली. त्या काळात हे धाडसच होतं. तिथं आम्ही मासवडी खाल्ली. बेसनाच्या वडीत तीळ, खोबरं, लसूण भरलेला, रस्सा झणझणीत, सोबत बाजरीची भाकरी. मंडळींनी बाईंना विचारून सारणाची कृती लिहूनही घेतली.

नाशिकला गंगापूर धरणाच्या काठी राहिलो. पहाटे पाण्यावर धुकं होतं, पलीकडे डोंगर. तिथून सुला जवळच. १९९९ साली सुरू झालेल्या या वायनरीमुळेच नाशिककडे गाड्या वळल्या, हे मान्य करायला हवं. मी आयुष्यात पहिल्यांदा वाईन चाखली ती तिथं. पेला तिरका धरायचा, रंग बघायचा, हलवायचा, वास घ्यायचा, मग घोट. मंडळी माळकरी, त्या पिणार नव्हत्या. पण वास घ्यायला काय हरकत, असं लेक म्हणाली. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाईनचा पेला नाकाजवळ नेऊन त्या लगेच म्हणाल्या, "अगं, ही तर कापलेली ढब्बू मिरची." वाईन ओतणाऱ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो तेच सांगायच्या बेतात होता.

मला खरा रस होता तो बागेत. आमच्याकडं मांडव इंग्रजी वाय आकाराचा, तिथं सरळ उभ्या खांबांवर एकावर एक ताणलेल्या तारा. आमचा घड डोळ्यात भरावा म्हणून आम्ही विरळणी करतो, जिब्रेलिक या वाढीच्या संजीवकात घड बुडवतो, मणी लांबवतो. वाईनचा मणी बारीक, सालीला जाड, आत बी. मी शिराझ या लाल वाईनच्या जातीचा एक मणी चावून बघितला. गोडी आमच्या मालापेक्षा जास्त, पण जिभेवर साल तुरट लागते. खाण्याचा माल आम्ही अठराच्या आसपास ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) काढतो, हे लोक बावीस-चोवीसपर्यंत थांबतात. लाल द्राक्षाचा रससुद्धा आतून पांढराच असतो आणि वाईनला रंग येतो तो सालीसकट आंबवल्यामुळे, हे मला साठीला आल्यावर कळलं. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. हा हिशेब मी तिथंच बोटांवर केला आणि मग पुढचा प्रश्न आपसूक सुचला.

पुढच्या एका वायनरीत (नाव लिहीत नाही) आम्हाला तासभर फिरवलं. पोलादी टाक्या दाखवल्या, फ्रान्सहून आलेली ओकची पिंपं दाखवली, बूच कुठल्या झाडाचं ते सांगितलं. मी विचारलं, "ही द्राक्षं कुठल्या गावची?" माहिती देणारी मुलगी हसून म्हणाली, "सर, आमचीच, इथलीच." मागं जेमतेम आठ-दहा एकर बाग होती. टाक्या किती लिटरच्या ते तिनंच सांगितलं होतं. आठ-दहा एकरांत त्या भरत नाहीत, हे कुठलाही बागायतदार सांगेल. बाहेर कराराच्या बागांतून आलेले क्रेट उतरत होते, क्रेटवर खडूनं गावांची नावं लिहिली होती, ती मी वाचली होती. मुलीचा दोष नाही. तिला जे शिकवलं ते ती बोलली. पण पिंप फ्रान्सच्या कुठल्या जंगलातलं ते ठाऊक आणि द्राक्ष निफाडचं की दिंडोरीचं ते ठाऊक नाही, हे मला लागलं. दुपारी तिथंच जेवलो. पिझ्झा आणि पास्ता. वाईट नव्हतं, पण नाशिकला बसून जेवतो आहोत असं क्षणभरही वाटलं नाही.

तिसऱ्या रात्री दिंडोरी तालुक्यात एका बागायतदाराच्या घरी राहिलो. त्यांनी बागेच्या कडेला दोन खोल्या बांधल्या आहेत. चार एकर शिराझ आणि शेनिन ब्लां ही पांढऱ्या वाईनची जात, सगळा माल करारानं वायनरीला. संध्याकाळी गच्चीवर बसलो तर समोर रामशेजचा किल्ला. वर्षानुवर्षं मोगलांना दाद न देणारा तो डोंगर बघून मला भरून आलं. जेवायला चुलीवरची बाजरीची भाकरी, भरीत, काळ्या मसाल्याची आमटी, ठेचा. यजमानांनी त्यांच्याच शेनिनची वायनरीनं भेट दिलेली बाटली उघडली. किंचित गोडसर, गार. ठेच्यानं तोंड पोळलं की तिचा एक घोट. सहलीतलं सगळ्यात चांगलं जेवण ते, आणि कुठल्याही वायनरीच्या मेनूवर ते मिळालं नाही.

आम्ही दोघं मग उशिरापर्यंत बोलत बसलो. खरड छाटणी, डाऊनी-भुरीसारखे रोग, कलमासाठीचा डॉग्रिजचा खुंट, बोलणं सगळं ओळखीचंच. फरक एवढाच की त्यांचा भाव आधी ठरलेला असतो. एकरी चार-पाच टनांच्या वर ते माल धरत नाहीत, आम्ही दहा-बारा टन काढतो. मागं एका वर्षी माझा माल तयार असताना अवकाळी झाला, मणी तडकले आणि व्यापाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. सगळी बाग बेदाण्याला टाकावी लागली. ते ऐकून यजमान म्हणाले, "आमचं तसं होत नाही. पण बाटली दुकानात बघितली की ती आपली वाटत नाही." एवढं बोलून ते उठले आणि मोटर चालू करायला गेले.

त्या वाक्यानं मला झोप लागली नाही. आमच्या भागातलं उदाहरण घ्या. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेत वेगळी काडी हेरली आणि तिची 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात झाली. तिकडं सोलापूरकडच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' ही जात दिली. द्राक्षातली मोठी कामं शेतकऱ्यांनी बागेत उभं राहून केली आहेत आणि बागायतदार ती नावं आदरानं घेतो. वाईनच्या जगात तर गावाचं नाव हीच प्रतिष्ठा असते. शाब्ली हे फ्रान्समधलं गाव आहे, बारोलो हे इटलीतलं. लोक वाईन मागतात ती त्या गावांच्या नावानं. आपल्याकडंही सुलाच्या एका शिराझवर 'दिंडोरी' असं लिहिलेलं मी बघितलं आणि मला फार बरं वाटलं. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणजे वाट पडलेली आहे. तिच्यावरून तालुक्यापासून गावापर्यंत जायचं आहे.

माझं मागणं साधं आहे. करारानं माल घेणाऱ्या प्रत्येक वायनरीनं बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर द्राक्षाच्या गावाचं नाव छापावं, आणि शेतकऱ्याची संमती असेल तर त्याचंही. जिथं चव घेतात त्या खोलीत एक फळा असावा: या हंगामात कुठल्या गावचा माल आला, तोडणी कधी झाली, किती ब्रिक्सला. तोडणीच्या दिवसांत पर्यटकांना वायनरीच्या शोभेच्या बागेऐवजी एखाद्या करारातल्या बागेत न्यावं आणि त्या शेतकऱ्याला त्याचे पैसे द्यावेत. जेवणात निदान एक ताट त्या गावच्या बचत गटाचं असावं. पर्यटन खातं यासाठी अट घालू शकतं, निदान सुरुवात म्हणून असं करणाऱ्या वायनरींची वेगळी यादी तरी काढू शकतं.

आमच्या बेदाण्याच्या बॉक्सवरही व्यापाऱ्याचाच शिक्का असतो, हे मला कबूल आहे. तेही बदलायला हवं आणि त्यासाठी आम्ही आमच्या सोसायटीत बोलतो आहोत.

शासनाला आणखी एक विनंती. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरच्या जोडीनं आमच्या शेजारच्या पलूसलाही वाईन पार्क, म्हणजे वायनरींसाठीची औद्योगिक वसाहत, आला. विंचूरच्या बाजूला आज पर्यटक जातात. पलूसकडं कोणी वळत नाही, आणि आमच्याकडं कृष्णाकाठ आहे, औदुंबर आहे, सागरेश्वरचं हरणांचं अभयारण्य आहे. तिथं पुन्हा कोणी मनापासून उभं राहणार असेल तर माझ्या बागेतला विहिरीकडचा एक एकर मी शिराझला द्यायला तयार आहे. खुंट लावून ठेवले आहेत, कलम अजून भरलेलं नाही.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली