चौदा दिवसांच्या गोळ्या

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, मलेरियाचा ताप गेला तरी गोळ्या कशाला, आणि आमचं नवं औषध अडलंय कुठे, हे तुमचे प्रश्न वेगळे वाटले तरी उत्तर एकाच जागी जातं.

मलेरियाच्या परजीवीला डीएनए घडवायला पिरिमिडिन हा कच्चा माल लागतो. आपल्या पेशी तो रक्तातूनही उचलू शकतात. परजीवीला तो स्वतःच बनवावा लागतो, आणि त्यासाठी डीएचओडीएच हे एन्झाइम हवंच. ते अडवणारा रेणू शोधायचा.

३८४ खळग्यांच्या प्लेटमध्ये शुद्ध एन्झाइम, त्याचं खाद्य डायहायड्रोओरोटेट आणि डीसीआयपी हा निळा रंग घालतात. एन्झाइम चालू असेल तर रंग विरतो, रेणूने अडवलं तर निळा टिकतो. टिकला म्हणून हुरळायचं नाही! कित्येक रेणू पाण्यात गुठळ्या धरतात आणि एन्झाइम त्यांनाच चिकटून बसतं. ०.०१ टक्का ट्रायटन, म्हणजे गुठळ्या फोडणारं साबणासारखं द्रव्य, घालून पुन्हा बघायचं. परिणाम गेला तर रेणू बाद. मग तोच रेणू माणसाच्या डीएचओडीएचवर. संधिवाताचं लेफ्लुनोमाइड नेमकं तेच अडवतं, त्यामुळे दोन्हींत शेकडो पटींचा फरक नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. त्यानंतर रक्तात वाढवलेल्या परजीवीवर ७२ तास. तांबड्या पेशीपासून परजीवीच्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत (हे एन्झाइम तिथेच असतं) एकामागून एक पडदे ओलांडायचे असतात; प्लेटवरचे पुष्कळ शूर इथेच गळतात.

यातून तरून डीएसएम२६५ नावाचं असं एक औषध रुग्णांपर्यंत गेलं, पण चाचणीतच एन्झाइम बदलून औषधाला दाद न देणारे परजीवी निघाले. म्हणून अशी औषधं एकटी द्यायचीच नाहीत, जोडीला दुसरं हवंच.

आता तुमच्या गोळ्या. गोव्यात मलेरिया बहुतेक व्हायव्हॅक्स जातीच्या परजीवीचा. तो प्रयोगशाळेत सलग वाढवता येत नाही, चाचण्या फाल्सिपेरम या दुसऱ्या जातीवर होतात. शिवाय व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. विभागणीच नाही, तर पिरिमिडिनची निकड कसली? आमचा रेणू तिथे फुकट जातो. क्लोरोक्विनने रक्तातले मेले; झोपलेल्यांवर तुमचं प्रायमाक्विन चालतं, तेही पुरे १४ दिवस. मध्ये सोडलंत तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा थंडी वाजू शकते, डास चावला नसतानाही.

आई, १५ मिलिग्रॅमची गोळी उपाशीपोटी देऊ नकोस, दहाची पेज झाल्यावरच दे. नाहीतर पोटात कळा येतात. जीसिक्सपीडी हे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. बाबांची ती तपासणी ठीक आली आहे, तरी लघवी काळसर दिसली तर गोळी थांबवून लगेच आरोग्य केंद्रात ने.

तुमची,
बाय