२६ जानेवारी, पण सिडनीतला

महोदय,

ऑस्ट्रेलियातील मराठी मंडळे २६ जानेवारीला आपला प्रजासत्ताक दिन साजरा करतात, जरूर करावा. मात्र १७८८ साली याच तारखेला सिडनीत ब्रिटिश झेंडा रोवला गेला आणि १९३८ साली तिथल्या आदिवासींनी हा शोकदिन पाळला. त्याच दिवशी येणाऱ्या ‘ऑस्ट्रेलिया डे’च्या, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय दिनाच्या, शुभेच्छा मंचावरून देण्याआधी एवढे लक्षात असावे.

कार्यक्रमाच्या सभागृहाची जमीन मूळची कोणत्या आदिवासी समाजाची, हे स्थानिक कौन्सिलला विचारावे; मध्य सिडनीत ती गाडिगल लोकांची. तिचा आदराने उल्लेख कोणीही करू शकतो. पाहुण्यांचे त्या भूमीवर स्वागत करण्याच्या विधीचा अधिकार मात्र त्याच समाजातील ज्येष्ठांचा. त्यांना निदान महिनाभर आधी विचारावे, मानधन आधीच ठरवावे. आयत्या वेळच्या, फुकटच्या आमंत्रणाला नकार मिळतो, तो रास्तच. अनेकांना त्या दिवशी मंचावर यायचेच नसते. तिथे आग्रह नको.

– एक वाचक, सिडनी